दर्भाचा कावळा

३ मे

सदर झालं नाही. संपादकाचे दोन फोन येऊन गेले. ‘तिरपी रेघ’ मी इतकी वर्षं विनाखंड लिहितो आहे. बारामतीत असा एकही पुढारी नाही, ज्याच्याकडे मी सरळ पाहिलं असेल. पण गेले काही आठवडे कागदासमोर बसलो की हात जड होतो. उन्हाळा फार आहे.

युवराजला जाऊन महिना होत आला. माझा धाकटा भाऊ. मलेशियातल्या पिनांग बेटावर जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. कामावर असतानाच छातीत कळ आली. दहन तिकडेच झालं, ते आम्हाला मोबाइलवर दाखवलं. मी, प्रगती आणि शेजारची चार माणसं एका चौकोनावर डोकी वाकवून बसलो होतो. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मान फिरवली. “डबड्यात कुणी मरत आसतंय व्हय?” म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

आता त्याची बायको अस्थी घेऊन येते आहे. नाव टॅन स्यू-लान. वंशाने चिनी, धंद्याने चित्रकार. शाईने चित्रं काढते आणि त्या चित्रांत काही नसतं, असं युवराज स्वतःच कौतुकाने सांगायचा. लग्न तात्यांना विचारून झालं नव्हतं, म्हणून ती या घरी कधी आली नाही. तोही दिवाळीला एकटाच यायचा, पाहुण्यासारखा चहा घ्यायचा आणि जायचा.

प्रगतीने (ही माझी पत्नी, डायरीला ओळख करून द्यायचं कारण नाही, पण मास्तरकीची सवय) पुढच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. तात्यांनी विचारलं, “कोण येतंय?”

“युवराजभाऊजींची मंडळी, तात्या.”

“आन त्यो?”

प्रगती गादी झटकत राहिली. म्हाताऱ्याच्या मनात राग एवढा आहे की मेल्यावरही पोराला सोडत नाही.

६ मे

आली. पुण्याच्या विमानतळावरून मीच घेऊन आलो. अंगाने किरकोळ, केस कापलेले आणि अर्धे पिकलेले. एक पिशवी छातीशी धरलेली, खांद्यावर एक लांब नळी. पिशवीत भाऊ, नळीत कागद.

गाडीत बोलायला मी इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती. हवा, प्रवास, जेवण. ती मान हलवत राहिली. नीरा मागे पडल्यावर खिडकीबाहेर बघून म्हणाली, “ऊस लई हाय की वो, दादा.”

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचा ट्रकवाला माझ्या सात पिढ्यांचं नाव घेऊन पुढे गेला.

युवराजने शिकवलेली मराठी. म्हणजे आमच्या आईची. आता घरात तात्या सोडून कुणी अशी बोलत नाही. मी तर बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागल्यापासून ती जिभेवरून खरवडतो आहे. मराठीचा प्राध्यापक म्हणून नोंदवून ठेवतो की, बाईंचं मराठी अशुद्ध आहे. पुढे आमच्या पणदऱ्यापर्यंत मी रस्त्यावरच लक्ष ठेवलं. वाहनं फार होती.

दारात ठमाआत्या उभी होती. तात्यांची बहीण, इंदापूरला दिलेली. मयत असो की मंगलकार्य, कारभार तिच्याकडे. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. तिची पंचाईत मला समजत होती. सून पहिल्यांदा घरी आलेली, म्हणून ओवाळून आत घ्यायची. आणि अस्थी तर उंबऱ्याच्या आत येत नाहीत. दोन्ही एकाच बाईच्या हातात.

“पिशवी लिंबाला बांध, पोरी. मग आत ये.”

स्यू-लानने पिशवी सोडली नाही. आत्याने खुणेने झाड दाखवलं, फांदी दाखवली. बराच वेळ ती झाडाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, आणि आपली घडीची छत्री उघडून वरच्या फांदीला अडकवली.

“ऊन लागंल त्यास्नी,” म्हणाली.

आत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला. डोळ्याला पदर लावून मला म्हणते कशी, “नवऱ्याचं नाव घेत न्हाय रं. त्यास्नी म्हणती.”

संध्याकाळी तात्या गोठ्यातून आले. “लिंबाला छत्री कुणी लावली?”

“युवराजच्या अस्थी आहेत तात्या.”

“कशावरनं?”

हात धुतले आणि जेवायला बसले. पाहुणीकडे पाहिलं नाही. जेवले मात्र नाहीत. भाकरी तशीच ताटात. तेव्हा ती आतून आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “जेवा की, तात्या. गार हुतंय.”

तात्यांनी चमकून वर पाहिलं. हा सूर आमच्या आईचा. मग खाली मान घालून सगळी भाकरी खाल्ली. भूक लागली असणार.

८ मे

प्रश्न असा आहे.

युवराजने बायकोला सांगून ठेवलं होतं: माझं काही झालं तर मला जुन्या गावाच्या पाण्यात सोड, आणि सोडायचं तात्यांनी. स्यू-लानचं परतीचं विमान सोळा तारखेला आहे. अस्थींसाठी थांबवलेला दहाव्याचा विधी गुरुजींनी तेराला धरलाय. आणि तात्या म्हणतात, मी अस्थींना हात लावणार नाही. हा युवराज नव्हेच.

“तुझ्या म्होरं जाळला का त्याला?” मला विचारतात.

“मोबाइलवर दाखवला ना.”

“मोबाइलात तर इमान बी उडतंय.”

जुनं गाव म्हणजे उजनीच्या पाण्याखालचं. मी शाळेत जायला लागलो होतो तेव्हा धरण भरलं. युवराज आईच्या कडेवर होता. त्याला ते गाव आठवणंच शक्य नाही. ऐकून ऐकून त्याने ते पाठ केलं होतं: घाट, घाटावरचा पिंपळ, चावडीची पायरी. तिकडे समुद्राकाठी बसून बायकोला त्याने हे सगळं सांगितलं. तिला आमच्या गल्लीचा क्रम माझ्यापेक्षा बरा येतो.

आम्ही पणदऱ्यात आलो, बागायत केली, गाई घेतल्या, सोसायटीत मतदान करतो. तरी अजून वाद झाला की कुणीतरी म्हणतंच, “तुमी धरणवाले, तुमास्नी न्हाय कळायचं.” आज आत्या आणि स्यू-लान अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, तेव्हा हेच कानावर पडलं.

“म्हायेर चीनलाच का गं?”

“न्हाय आत्या. पिनांग.”

“म्हंजे चीनच की.”

“आज्याचा आजा आला हुता तितनं. बोटीतनं. मी न्हाय बघितलं चीन. पर तिकडं बी समदी चिनीच म्हणत्यात.”

“आज्याचं गाव आसंल की पर.”

“आसंल. आमास्नी दिसत न्हाय.”

आत्या थांबली. शेंगेचं टरफल हातात घेऊन म्हणाली, “मंजी तुजं बी पाण्यात गेलं म्हण.”

९ मे

फ्लेक्स आला. युवराजचा कॉलेजातला टायवाला फोटो, मागे हिमालय. तो हिमालयात कधी गेला नव्हता, पण आमच्याकडे मेलेला प्रत्येक माणूस आधी हिमालयात जातो आणि मग चौकात येतो. खाली शोकाकुल म्हणून दूध संस्थेचे चेअरमन. त्यांचा फोटो मयतापेक्षा मोठा.

तात्या फ्लेक्ससमोर काठी टेकून उभे राहिले. “ह्यो कोण?”

“आपला युवराज.”

त्यांनी नीट पाहिलं. अगदी जवळ जाऊन. “ह्यो न्हवं,” म्हणाले.

नजर अधू झाली असावी. ऑपरेशनचं बघायला हवं.

१० मे

आज तिने चित्र काढलं. युवराज गेल्यापासून हात चालत नव्हता म्हणाली. (माझ्या उन्हाळ्यासारखाच काहीतरी प्रकार असावा.) प्रगतीकडे दोन गोष्टी मागितल्या: पाणी आणि लोकरीचं जाड कापड, कागदाखाली अंथरायला. प्रगतीने तात्यांची घोंगडी दिली, न विचारता.

पडवीत तिने एक काळी वडी काढली, काजळाची आणि सरसाची, आणि काळ्या दगडावर थेंब थेंब पाणी घालून उगाळायला बसली. किती वेळ उगाळावं! मला वाटलं, एवढ्यात आमच्या चेअरमननी भाषण संपवलं असतं. घासल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता, एकाच लयीत. गोठ्यातून तात्या काठी टेकत आले आणि दारात थांबले.

“उगाळतंय कोण?”

“ती शाई करतेय, तात्या,” प्रगती म्हणाली.

तात्या तिथेच पायरीवर बसले. कुणाकडेही न बघता म्हणाले, “धाकट्याला गुटी उगाळायची हिची सासू. आसाच आवाज. सा म्हैन्याचा हुता. लई रडायचा.”

स्यू-लानचा हात थांबला नाही. लय तेवढी हळू झाली.

मग तिने घोंगडीवर पांढरा कागद पसरला, पुरुषभर उंचीचा, आणि त्याच्याभोवती अनवाणी फिरत राहिली. पुढचं माझा चहा संपायच्या आत झालं. एक रुंद कुंचला खालून आडवा गेला, मध्येच थबकला, तिथे काळं साचलं, आणि मग पाण्याच्या नुसत्या ओल्या फटकाऱ्याने ते वर वर विरत नेलं. पाटाचं पाणी ढेकळांत शिरतं तशी शाई कागदात शिरत होती. “कागूद पितो,” म्हणाली. “किती प्यायचं त्ये त्याचं त्यो ठरवतो.” वरचा निम्म्याहून जास्त कागद कोरा. कोपऱ्यात लाल शिक्का. संपलं.

खरं सांगायचं तर माझ्या खिशात एकदा पेन फुटलं होतं, तेव्हा शर्टावर असंच आलं होतं. मी त्याचं प्रदर्शन भरवलं नाही एवढंच. हिचं मात्र भरतं. एकजण टोरांटोत, एकजण सिडनीत, एकजण सिंगापुरात, आणि ही; सगळ्यांचे पूर्वज चीनमधून बोटीत बसलेले, आणि सगळे शाईने डोंगर न काढता डोंगर काढतात. पुढच्या महिन्यात सिंगापुरात चौघांचं मिळून प्रदर्शन आहे. तिच्या वाटची एक भिंत अजून रिकामी आहे, तिथे हे लागणार.

मी विचारलं, “पण डोंगर काढायला काय हरकत आहे? झाड, नदी, काहीतरी?”

ती कुंचला धुता धुता म्हणाली, “आमच्यात डोंगर काढायचा आसतो, दादा. बांबू, धुकं. आजोबा काढायचं. त्यांनी त्यांच्या बापाचा बघून काढला. मी त्यो डोंगर न्हाय बघितला. खोटा कसा काढू?”

“आणि हा वरचा मोकळा कागद?”

“पाणी. न्हायतर आभाळ. न्हायतर…” तिला शब्द सापडला नाही. “गेलेलं.”

तात्या उठून जवळ आले. चित्राकडे वाकून पाहिलं. “ह्यात काय हाय?”

“त्ये हायत,” ती म्हणाली.

तात्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोऱ्या भागाकडे जास्त वेळ. “ह्यात काय बी न्हाय,” म्हणाले आणि गेले. चित्रकलेच्या बाबतीत बापलेकाचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

घोंगडीवर शाई उतरली आहे. प्रगती धुवायला घेत होती, तात्यांनी ओढून घेतली. या उकाड्यात अंगावर घेऊन झोपलेत.

११ मे

चौकात आज मजा झाली. फ्लेक्सवर शोकाकुलांच्या यादीत सरपंचांचं नाव उपसरपंचांच्या खाली छापलंय. दोन्ही गट भिडले. एकजण म्हणाला, “आमचं साहेब जास्त शोकाकुल हायत!”

असलं काही घडलं की मी ज्याला सांगतो, त्याला सांगायला फोन काढला, नाव दाबलं.

पुढच्या खोलीत रिंग वाजली.

स्यू-लान पडदा सारून दारात आली, हातात त्याचा वाजता फोन. मी कानाला फोन लावून तसाच उभा. आमच्यात चार पावलांचं अंतर.

“उचलू, दादा?”

“नको. चुकून लागला.”

ती म्हणाली, “मी रोज चार्ज करती.” आणि परत आत गेली.

लागतात असे चुकून. माझी बोटं जाड आहेत.

१३ मे

सविस्तर लिहायला हवं.

सकाळी दोन गाड्या निघाल्या. तात्या येणार नव्हते. दारात गाडी चालू केली तेव्हा टोपी घालून, काठी घेऊन हजर. “गाव बघाय येतो. पाणी आटलंय म्हनं. तुमचं त्ये दहावं-बिहावं तुमी करा.” पुढच्या सीटवर बसले. स्यू-लान मागे, मांडीवर पिशवी. आत्याने तिच्यासाठी इंदापूरच्या बाजारातून साडी आणली होती. दहाव्याला बाईला साडी माहेरची लागते. “हितं तिचं म्हायेर न्हाय, मग म्या हाय की,” असं सांगून टाकलं. भावकीतल्या एकीने कुंकवाचा विषय काढला, तर आत्या तिच्यावर खेकसली, “तिच्या कपाळाला कुंकू कवा हुतं, आन पुसतीस काय? सर बाजूला.”

भिगवणच्या पुढे बॅकवॉटरला उतरलो. धरण खरंच तळाला गेलंय. चिखलातून घरांची जोती वर आलीत, दातांसारखी. मला काही ओळखू येईना. स्यू-लान मात्र बोटाने मोजत चालली होती: “ह्यी चावडी. मग सुतार. मग आपलं.” आपलं म्हणाली.

तात्या एका जोत्यावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

गुरुजींनी मांडणी केली. मोठ्या भावाने केलं तर चालतं का, असं मी विचारलं. “चालतं,” म्हणाले. गुरुजींच्या शास्त्रात सगळं चालतं, फक्त उशीर चालत नाही. त्यांना दुपारी आणखी एक दहावं होतं. मी डोकं भादरून बसलो. मग चेअरमन बोलायला उभे राहिले. “चीनसारख्या बलाढ्य राष्ट्रात जाऊन पणदऱ्याचा झेंडा…” स्यू-लान हळूच म्हणाली, “पिनांग.” चेअरमननी झेंडा तिथेच ठेवला आणि दूध दराकडे वळले.

पिंड ठेवले. सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

स्यू-लानला मी समजावून सांगितलं. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही. मग एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. तिने मान हलवली. युवराजने सांगितलं असणार.

कावळे होते. हवे तेवढे. होड्यांपाशी बसले होते, जिथे जाळ्यातले मासे झटकतात. ताजी मासळी सोडून भाताकडे कोण येणार? आत्या पुढे झाली, हात जोडून म्हणाली, “बाळा, तुझ्या बायकूला आमी अंतर देणार न्हाय. आमचीच हाय ती.” एक कावळा उडाला, वरून बघून गेला. चेअरमननी युवराजच्या नावे वाचनालयाचं आश्वासन दिलं. कावळे उठून पलीकडच्या तीरावर गेले. त्यांनाही अनुभव असावा. मी म्हणालो, “तात्यांना सांभाळतो मी.” आणखी काही बोलायचं होतं, पण मागे सरलो. ऊन फार होतं.

कावळा आला नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू त्या जोत्याकडे वळल्या. तात्यांची पाठ हलली नाही. कुणाची हाक मारायची छाती झाली नाही. स्यू-लान वाळूत उभी होती, नव्या साडीच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरून. तिच्या ओठांचं हलणं दिसत होतं. कुठल्या भाषेत ते कळलं नाही.

मग गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पिशवीतून दर्भ काढला, दोन-तीन पाती घेतली, मुरडली, गाठ मारली. एक टोक पुढे, दोन मागे. “कावळा,” म्हणाले. तो पिंडाला लावला. “शिवला.”

“शिवला, शिवला,” सगळे म्हणाले. आत्याने सुस्कारा सोडला. चेअरमननी टोपी काढून नमस्कार केला. मीही हात जोडले. हात जोडल्यावर त्या गवताकडे माझं नीट लक्ष गेलं. त्याला चोच नव्हती. पंख नव्हते. रंगसुद्धा हिरवट. आणि परवा कागदापुढे उभं राहून ‘यात काहीच नाही’ म्हणणारे आम्ही सगळे, वर्षानुवर्षं याला कावळा म्हणत आलोय, आणि कुणी कधी हसलेलं नाही.

यावर सदर होईल असं वाटलं. नंतर वाटलं, नको.

“ह्यो कावळा?” स्यू-लानने मला विचारलं.

“हो.”

“समदी मानत्यात?”

“मानतात.”

मागून काठीचा आवाज आला. तात्या उठून आले होते. त्यांनी ती दर्भाची गाठ उचलली, तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली. “ह्यो कावळा व्हय, गुरुजी?”

“व्हय की तात्या. खरा आला न्हाय, तर ह्यो चालतो.”

“आन त्याला पोचतं?”

“पोचतं.”

तात्या गवताकडे बघत राहिले. मग स्यू-लानकडे वळले. ती आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“त्या कागदात,” म्हणाले, “तू त्याला घातलंस?”

“व्हय तात्या.”

“समदा?”

“जमंल तेवढा.”

तात्यांनी मान हलवली. दर्भ परत जागेवर ठेवला, नीट, पहिल्यासारखा. आणि दोन्ही हात पुढे केले.

“आण त्याला हिकडं.”

तिने पिशवी दिली. तात्या चपलांसकट चिखलात उतरले. मी धरायला गेलो, तर त्यांनी कोपराने ढकललं. तिला नाही ढकललं. दोघं गुडघाभर पाण्यात गेली. तात्यांनी पिशवीचं तोंड मोकळं केलं आणि तान्ह्या मुलाला आंघोळ घालताना पाण्यात उतरवतात तसं हळूहळू, पाण्याला टेकवून, सोडलं.

“जा बाबा,” म्हणाले. “ह्ये बघ, आलं घर.”

मग तात्या रडले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं तसे. स्यू-लानने त्यांचा दंड धरून ठेवला होता. किती तरी वेळ दोघं पाण्यात उभी होती. इतक्या दिवसांचा राग गेला म्हणायचा.

गाडीत बसताना मागे वळून पाहिलं. पिंड एक कुत्रं खात होतं. कुणाला सांगितलं नाही.

१५ मे

ती चित्र नेत नाही. इथे ठेवणार. मी म्हणालो, अहो, सिंगापूरचं काय? म्हणाली, कळवलंय, त्या भिंतीवर मोकळी जागा ठेवणार आहेत. मोकळ्या जागेचं या लोकांना काहीच वाटत नाही.

तात्यांनी फर्मावलं, फ्रेम कर. भिगवण रस्त्याच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. देव, पुढारी आणि मयत, एवढ्यांवर त्याचा धंदा. त्याने चित्र उभं-आडवं करून पाहिलं.

“सर, वरचा कागूद कापू का? तयार मापात बसंल. आन लॅमिनेशन मारतो, पुसाय सोप्पं.”

“कापायचं नाही. लॅमिनेशनही नाही.”

“आवो, पर तितं काय न्हाय की!”

“आहे,” मी म्हणालो.

तो माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघून माप घ्यायला लागला. घरी येईपर्यंत मला माझ्याच उत्तराचा राग येत होता. कुणी विद्यार्थी परीक्षेत असं लिहिता, तर मी शून्य दिलं असतं.

१६ मे

गेली. तात्या फाटकापर्यंत आले. “दिवाळीला ये,” म्हणाले. “दोन दिसासाठी न्हाय. ऱ्हायला ये.”

“यीन, तात्या. तुमी जेवत जावा.”

छत्री लिंबालाच राहिली. प्रगती काढायला गेली तर तात्या म्हणाले, “आसू दे. ऊन हाय.”

२० मे

फ्रेम लागली. माजघरात, आईच्या फोटोशेजारी. तात्यांनी स्वतः उभं राहून खिळा कुठे ठोकायचा ते सांगितलं. चौकातला फ्लेक्स वाऱ्याने फाटला होता, तो आज कुणीतरी वैरणीवर टाकायला नेला.

संध्याकाळी भावकीतले सोनबाअण्णा आले होते, गाभण गाय बघायला. पाणी पिता पिता भिंतीकडे बघत म्हणाले, “ह्ये काय लावलंय वो, तात्या? शाई सांडली का काय?”

मी उत्तर जुळवत होतो. टोरांटो, सिडनी, परंपरा, पूर्वज.

तात्या म्हणाले, “ह्यो आमचा धाकटा.”

सोनबाअण्णांनी फुलपात्र खाली ठेवलं. फ्रेमकडे पाहिलं, मग तात्यांकडे. मग टोपी सारखी करून भिंतीला हात जोडले.

२१ मे

संपादकाचा फोन. सदर कधी? उद्या देतो म्हणालो.

बरंचसं लिहून झालं. कॉलेजात पेपर तपासायला निघालो. माजघरातून जाताना सवयीने म्हणून गेलो, “येतो रे.” चपला घालताना लक्षात आलं की घरात कुणीच नव्हतं, प्रगती गोठ्यात, तात्या मळ्यात.

उन्हाळा फार आहे.